घडीच्या सायकलला मोटर: लहान चाकाचं गणित

पुण्यात कोथरूडहून बावधनकडे जाताना चांदणी चौकाचा चढ लागतो. माझी 20 इंची घडीची सायकल सपाटीवर मजेत पळायची, पण या चढावर मी रोज घामाघूम व्हायचो आणि तसाच ऑफिसात शिरायचो. नवीन इलेक्ट्रिक सायकल घेण्यापेक्षा आहे तिलाच मोटर बसवायची असं ठरवलं. सायकल सोडून खर्च 20 हजारांच्या आत ठेवायचा होता. एवढ्या पैशांत येणारी छोटी मोटर तो चढ चढेल का, हा प्रश्न घेऊन कागद-पेन्सिल हाती घेतली आणि उत्तर चाकाच्या आकारात सापडलं.

आधी गरज किती ते पाहू. मी, सायकल, मोटर आणि सामान मिळून 90 किलो धरू. सपाट रस्त्यावर ताशी 20 किलोमीटरने जाताना टायर आणि हवा आपल्याला मागे ओढतात. फिरताना टायरचा जमिनीला टेकलेला भाग दबतो, पुन्हा उठतो आणि त्यात थोडी ऊर्जा वाया जाते. ही ओढ साधारण 7 न्यूटन. हवेची ओढ 11 न्यूटन. या दोन्हींवर मात करायला 100 वॅट पुरतात, आणि रोज सायकल चालवणारा माणूस तेवढी शक्ती तासभर देऊ शकतो. आता रस्ता 4 टक्के चढू द्या, म्हणजे 100 मीटरला 4 मीटर. 90 किलो वर न्यायला आणखी 35 न्यूटन लागतात. वेग तोच ठेवायचा तर गरज एकदम 300 वॅटवर जाते. माझे पाय 100 देतील, उरलेले 200 मोटरने द्यायचे.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत सवलतीची मर्यादाही याच आसपास आहे. पायडलला साथ देणाऱ्या मोटरची शक्ती 0.25 किलोवॅटपेक्षा कमी असेल आणि ताशी 25 किलोमीटरला तिची मदत थांबत असेल, तर सायकल मोटार वाहन ठरत नाही. मग नोंदणीही नको आणि लायसनही नको.

चाकाच्या हबमध्येच, म्हणजे मधल्या भागात, मोटर बसवायची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन यांनी 1895 मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं. त्यांची मोटर 10 व्होल्टवर चालायची आणि 100 अँपिअरपर्यंत करंट ओढायची. आजची 36 व्होल्टची मोटर 250 वॅट घेताना जेमतेम 7 अँपिअर ओढते, म्हणून बारीक वायरींवर भागतं. मी घेतलेल्या हबच्या आत छोटी मोटर वेगाने फिरते आणि नायलॉनचे दाते असलेले गिअर तो वेग कमी करून चाकाला जोर देतात. वजन अडीच किलोच्या आत. शिवाय आत फ्रीव्हीलसारखा क्लच असल्यामुळे मोटर बंद असताना चाक जड लागत नाही. गिअर नसलेल्या हब मोटरी दणकट आणि आवाज न करणाऱ्या असतात, पण जिना चढून घरी न्यायच्या सायकलला त्यांचं जास्तीचं वजन मला नको होतं.

आता चाकाकडे येऊ. 26 इंची चाकाची त्रिज्या साधारण 33 सेंटीमीटर, आणि माझ्या 20 इंची चाकाची टायरसकट 25. मोटर 30 न्यूटन-मीटरचा पीळ (टॉर्क) देत असेल तर मोठ्या चाकाच्या कडेला 91 न्यूटनचा रेटा मिळतो आणि लहान चाकाच्या कडेला 120. तीच मोटर, तेवढाच करंट, पण रेटा जवळजवळ एक तृतीयांशाने जास्त! 

याहून महत्त्वाचा फायदा उष्णतेचा आहे. फिरणारी मोटर स्वतःच जनित्रासारखी वागते आणि बॅटरीच्या विरुद्ध दिशेने विजेचा दाब (व्होल्टेज) तयार करते. चढावर तिचा वेग मंदावला की हा उलटा दाब कमी होतो, करंट वाढतो, आणि तारांमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. मोटरी जळतात त्या अशाच, हळू चालताना. ताशी 12 किलोमीटरने चढताना 26 इंची चाक मिनिटाला 97 फेरे घेतं, 20 इंची 127. लहान चाक मोटरला चढावरही फिरतं ठेवतं. 

त्याची किंमत कमाल वेगात मोजावी लागते. मिनिटाला 260 फेऱ्यांची मोटर मोठ्या चाकात ताशी 32 पर्यंत पोहोचेल, माझ्या चाकात 24 ला थांबते. मला ती किंमत वाटतच नाही, कारण नियमाची मर्यादा चाकानेच पाळली. अनेकजण लहान चाक म्हणजे कमी वेग असं म्हणून जास्त फेऱ्यांची मोटर शोधतात. चढाचा रस्ता असेल तर त्यांनी हा मोह टाळावा असं माझं ठाम मत आहे.

घडीची सायकल निवडताना मात्र पुढचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, मोजून घ्या. डेव्हिड हॉन हे लेझरवर काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ. तेलटंचाईच्या काळात ते सायकलीकडे वळले आणि 1982 मध्ये घडीच्या सायकलींची त्यांची डाहॉन कंपनी उभी राहिली. डाहॉनच्या अनेक मॉडेलांत आणि ब्रॉम्प्टन कंपनीच्या सायकलींत घडी बारीक व्हावी म्हणून पुढच्या चिमट्यातली जागा 74 मिलिमीटर ठेवलेली असते. नेहमीच्या सायकलीत ती 100 असते. 100 ची मोटर 74 मध्ये बसत नाही, आणि चिमटा ताणून बसवण्याचा विचारही करू नका.

त्याच चिमट्यावर सगळ्यात मोठा धोका असतो. चाक पुढे फिरतं तेव्हा त्याच्या मधोमध असलेला दांडा, म्हणजे अ‍ॅक्सल मागे फिरायला बघतो. चिमट्याच्या खाचेत बसणाऱ्या त्याच्या सपाट बाजूंमध्ये अंतर फक्त 10 मिलिमीटर. 30 न्यूटन-मीटरचा पीळ एवढ्याशा जागेत रोखायचा म्हणजे 3000 न्यूटन, जवळपास 300 किलोचा भार. नट थोडा सैल पडला तर अ‍ॅक्सल खाच फाडून बाहेर येतो, आणि चालत्या सायकलचं पुढचं चाक निखळतं. म्हणून अ‍ॅक्सलला बसणारी आणि दुसरं टोक चिमट्याला बांधलेली लोखंडी पट्टी हवीच. पट्टी 10 सेंटीमीटर लांब असेल तर तोच भार 30 किलोवर येतो. काही शेकड्यांची ही वस्तू किटमध्ये नसेल तर वेगळी घ्या, आणि चिमटा अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर पुढे मोटर बसवू नका. चिमटा पोलादीच हवा.

पैसे वाचवायची माझी चूक बॅटरीत झाली. स्वस्तात बांधून मिळालेली पहिली बॅटरी 36 व्होल्ट, 7.8 अँपिअर-तासांची म्हणून घेतली. हिशोबाने 280 वॅट-तास, म्हणजे पायडल मारत 30 किलोमीटर सहज. ती 9 किलोमीटरवर बंद पडायची. जाणकाराकडून उघडून घेतली तेव्हा आत वेगवेगळ्या वयाचे सेल निघाले. अशा बॅटरीत तीन-तीन सेलचे दहा गट एकामागे एक जोडलेले असतात आणि सगळ्या गटांतून एकच करंट वाहतो. एक गट म्हातारा असेल तर तो आधी रिकामा होतो आणि संरक्षक सर्किट पूर्ण बॅटरी बंद करतं. बाकीच्या नऊ गटांत वीज शिल्लक असूनही उपयोग शून्य. ते सर्किट नसतं तर रिकामा गट आणखी ओढला गेला असता, आणि असा इजा झालेला लिथियमचा सेल पुढे चार्जिंगला लावल्यावर पेट घेऊ शकतो. सायकल घरात येते, बॅटरी झोपायच्या खोलीशेजारी चार्ज होते, हे तेव्हा मनात आलं आणि हात थंड पडले.

दुसरी बॅटरी एकाच जातीच्या नव्या सेलची घेतली, 10 हजारांत. मोटर आणि तिचा करंट सांभाळणारा कंट्रोलर 8 हजारांना पडले होते. पट्टी, चाक बांधून घेणं आणि ब्रेक यांत 2 हजार गेले. पहिल्या बॅटरीचे पैसे बुडाले ते वेगळे. ब्रेकवर काटकसर केली नाही, कारण ताशी 15 ऐवजी 25 ने जाताना थांबवायची ऊर्जा पावणेतीन पटींहून जास्त होते.

मोटर पुढच्या चाकात घेण्याचं एक कारण घडीतच आहे. कंट्रोलर आणि बॅटरीची पिशवी हँडलखाली फ्रेमच्या पुढच्या भागाला अडकवली, त्यामुळे जाड वायरी बिजागरी ओलांडतच नाहीत. मागे जाते ती फक्त पायडलच्या सेन्सरची बारीक वायर, आणि तिला बिजागरीपाशी बोटभर सैल वळसा ठेवलाय. रोजच्या घडीत वायर तुटते ती ताणून बांधल्यामुळे.

मीटर लावून महिनाभर मोजलं. पायडल मारत गेलो तर किलोमीटरला 7 वॅट-तास, नुसत्या मोटरवर 11. जाऊन-येऊन 22 किलोमीटर होतात, 150 वॅट-तासांत. संध्याकाळी बॅटरी काढून खांद्याला लावतो, सायकल मिटतो आणि दोन्ही घेऊन जिना चढतो.