प्लगचं काम थंड इंजिनवरच : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

पेट्रोल किंवा सीएनजी गाडीचे प्लग (इंधन पेटवायला ठिणगी पाडणारे स्पार्क प्लग) बदलायला आलात की आम्ही एक विनंती करतो : गाडी संध्याकाळी लावून जा, काम सकाळी करू. त्यावर बहुतेक जण विचारतात, "अहो, दहा मिनिटांचं काम, त्याला रात्रभर गाडी कशाला?" प्रश्न रास्त आहे. गर्दीच्या वेळी उभ्या उभ्या त्याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

प्लगचं धड पोलादी असतं आणि तो ज्या हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागात, बसतो ते हेड ॲल्युमिनियमचं. चिपळूण-कराड करून आलेल्या गाडीचं हेड हात लावता येणार नाही इतकं तापलेलं असतं. तापलेलं ॲल्युमिनियम मऊ पडतं, आणि ते पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. अशा हेडमधून प्लग जोर लावून काढला तर हेडचे आटेच प्लगबरोबर सोलून निघतात. गरम हेडमध्ये नवा प्लग आवळला तर गार झाल्यावर त्याच्यावरचा ताण आपण मोजून दिलेला राहत नाही. प्लग खराब झाला तर दुसरा मिळतो. हेडचे आटे गेले तर तिथे नवा आटा पाडून हेलिकॉइल (तारेच्या गुंडाळीचा आटा) किंवा बुश बसवावा लागतो, काही वेळा हेडच उतरवावं लागतं. तो खर्च प्लगच्या किमतीच्या कितीतरी पट होतो.

डिझेल गाडीवाल्यांना हे लागू नाही. त्यांच्या इंजिनात स्पार्क प्लग नसतो, हीटर प्लग असतो, आणि त्याचं काम वेगळं.

प्लग गेल्याचं कसं कळतं

बाजारात, हायवेवर गाडी छान चालते आणि कुंभार्ली घाट चढायला लागली की झटके देते, ही तक्रार आमच्याकडे सगळ्यात जास्त येते. कारण सोपं आहे. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये (इंजिनात इंधन जळतं त्या नळकांड्यात) हवा जास्त भरते, दाब वाढतो, आणि त्या दाबातून ठिणगी उडवायला कॉइलला, म्हणजे प्लगला वीज पुरवणाऱ्या भागाला, जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. प्लगचं टोक झिजून ठिणगी उडते ती फट, म्हणजे गॅप, वाढला असेल तर नेमकी तिथे ठिणगी चुकते. गाडी 'मिसिंग' मारते ती ही. सीएनजीवर तर हे आधी जाणवतं, कारण गॅसला पेट्रोलपेक्षा जोरदार ठिणगी लागते. त्यामुळे सीएनजी गाडीचे प्लग आम्ही लवकर तपासतो.

साधा निकेलचा प्लग साधारण २० ते ३० हजार किलोमीटर नीट काम करतो. इरिडियमचा बराच जास्त, काही गाड्यांत लाखाच्या आसपास. तुमच्या गाडीचा नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, आम्ही तोच धरतो. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर मात्र तशीच गाडी पळवू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो महागडा भाग आतून वितळतो.

प्लग किती, यावरही बिल ठरतं. तीन सिलिंडरच्या वॅगनआरला तीन. २०२४ आधीच्या स्विफ्टला चार, २०२४ च्या नव्या स्विफ्टला तीन. जुन्या होंडा सिटीच्या आय-डीएसआय इंजिनात एका सिलिंडरला दोन, म्हणजे चार सिलिंडरला आठ. त्या गाडीचं बिल पाहून कुणी दचकू नये म्हणून आधीच सांगतो.

काढताना

किल्ली बंद. काही गाड्यांत एअर फिल्टरचा डबा आधी उतरवावा लागतो. मग कॉइलचा सॉकेट, म्हणजे वायरचं कनेक्शन, काढायचा. उन्हातान्हात आणि इंजिनच्या उष्णतेत वर्षानुवर्षं राहून त्याचं प्लास्टिकचं लॉक बिस्किटासारखं झालेलं असतं. वायर धरून ओढली की ते तुटतं. अंगठ्याने लॉक दाबून सॉकेट हलकेच मागे घ्यायचा, आणि मग कॉइलचा बोल्ट, बहुतेक गाड्यांत १० नंबरचा. कॉइल थोडी डावी-उजवी फिरवून सरळ वर घ्यायची. निघालेल्या कॉइल आम्ही क्रमाने मांडून ठेवतो.

कॉइल निघाल्यावर खाली जी खोल विहीर दिसते तिच्या तळाला प्लग असतो. आपल्याकडे त्या विहिरीत लाल मातीची धूळ, कधी पाणी, कधी ऑइल असतं. ते तसंच ठेवून प्लग काढला तर सगळी माती सरळ सिलिंडरमध्ये पडते. म्हणून आधी कॉम्प्रेसरने हवा मारायची, प्लग पाव फेरा सैल करायचा आणि पुन्हा हवा मारायची. पहिल्या वेळी चिकटून राहिलेली कचकच दुसऱ्या वेळी निघते. प्लग जाम असेल तर जोर लावायचा नाही. गंज सोडवणारं तेल सोडून थांबायचं, मग थोडा सैल, थोडा परत घट्ट, असा पुढेमागे करत काढायचा. यात कधी अर्धा तास जातो, तो जाऊ द्यावा लागतो.

निघालेला प्लग

जुने प्लग आम्ही सिलिंडरच्या क्रमाने तुमच्या हातात देतो. ते बघून घ्या, कारण इंजिनच्या आत काय चाललंय ते इतक्या स्वस्तात दुसरं कुणी सांगत नाही. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, एअर फिल्टर तुंबलाय किंवा गाडी फक्त घर ते बाजार एवढीच फिरतेय. ओली, तेलकट काळी काजळी असेल तर ऑइल सिलिंडरमध्ये येतंय. तिथे नुसता प्लग बदलून भागणार नाही, पिस्टनच्या रिंग नाहीतर व्हॉल्व्हचे सील बघावे लागतील. टोक पांढरं पडून त्यावर बारीक फोड आले असतील तर प्लग फार तापतोय. आटे आणि वरची चिनी माती ऑइलने भिजलेली, पण टोक स्वच्छ, असं असेल तर घाबरू नका, टॅपेट कव्हरचा (हेडवरच्या झाकणाचा) सील गेलाय.

पांढऱ्या चिनी मातीवर, धातूच्या कडेला लागून, एक तपकिरी वलय दिसतं. 'प्लग लीक आहे' म्हणून ते बऱ्याच जणांना दाखवलं गेलंय. ते लीक नसतं. उच्च दाबाच्या विजेमुळे हवेतले तेलाचे कण तिथे ओढले जाऊन डाग पडतो, एवढंच. चिनी मातीवर वरून खाली उभी काळी रेघ असेल तर मात्र वीज बाहेरून पळतेय. तेव्हा प्लगबरोबर कॉइलचं रबरही बदलायला हवं.

बसवताना

आमच्या दृष्टीने सगळं काम इथे आहे. प्लगचा नंबर कंपनीने दिलाय तोच घ्यायचा. एनजीकेच्या प्लगवर उष्णतेचा आकडा जितका मोठा तितका प्लग थंड (म्हणजे स्वतःची उष्णता लवकर बाहेर टाकणारा), बॉशचं याच्या उलट. त्यामुळे 'आकडा सारखाच आहे ना' म्हणून कंपनी बदलता येत नाही. गॅप फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) तपासायचा. बहुतेक गाड्यांत तो ०.७ ते १.१ मिलिमीटरच्या मध्ये असतो. इरिडियमच्या प्लगचं मधलं टोक केसासारखं नाजूक, त्याला ब्रश लावायचा नाही की दाबायचं नाही. हातातून फरशीवर पडलेला प्लग आम्ही बसवत नाही, चिनी मातीची आतली चीर बाहेरून दिसत नाही.

पहिले आटे हातानेच. आम्ही प्लगच्या वरच्या टोकाला वीतभर पेट्रोल पाइपचा रबरी तुकडा अडकवतो आणि त्याला धरून प्लग विहिरीत सोडतो. आधी उलटा फिरवतो. बोटांना हलकी 'टक' लागते, म्हणजे आट्याचं तोंड आट्याला मिळालं. मग सुलटा. सरळ बसत असेल तर प्लग दोन बोटांनी खालपर्यंत जातो. तिरका लागला तर रबर प्लगवर नुसतं घसरतं, आटे मात्र वाचतात. हेच पाना लावून केलं तर पाना काही न सांगता आटे कापत जातो. दुसरीकडे पान्याने तिरके आवळलेले प्लग घेऊन आलेल्या गाड्या आम्ही दुरुस्त केल्या आहेत. दर वेळी नुकसान पहिल्या दोन फेऱ्यांतच झालेलं होतं.

हाताने बसल्यावर टॉर्क रेंच, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा पाना. १४ मिलिमीटर आट्याच्या, वायसर (वॉशर) असलेल्या प्लगला ॲल्युमिनियम हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन मीटर, १२ मिलिमीटरच्याला १५ ते २०. घरी करत असाल आणि टॉर्क रेंच नसेल, तर १४ मिलिमीटरचा नवा प्लग हाताने पूर्ण बसवून पान्याने अर्धा ते पाऊण फेऱ्याच्या आत. तोच जुना प्लग परत बसवत असाल तर त्याचा वायसर आधीच दबलेला असतो, घड्याळातल्या एका तासाएवढा फेरा पुरे. आट्यांना ऑइल किंवा ग्रीस लावू नका. पाना तेवढाच जोर दाखवतो आणि प्लग जास्त आवळला जातो.

पुराच्या पाण्यातली गाडी

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, त्यानंतर हे प्रत्येक चिपळूणकराला माहीत असायला हवं असं आम्हाला मनापासून वाटतं. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून अशा गाडीचे प्लग आम्ही सगळ्यात आधी काढतो, पेट्रोल आणि ठिणगी बंद करतो आणि मगच इंजिन फिरवतो. प्लगच्या भोकांतून गढूळ पाण्याचे फवारे बाहेर पडतात, ते थांबेपर्यंत पुढचं काही करत नाही. तुमची गाडी पाण्यात बंद पडली तर 'एकदा मारून बघू' असं करू नका. ढकलून कोरड्या जागी घ्या, बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि आम्हाला कळवा. प्लग निघेपर्यंत किल्ली खिशातच राहू द्या.