वायर नसलेल्या पेसमेकरमागचा इतिहास

ठाण्यात तलावपाळीवर संध्याकाळी फेरी मारणाऱ्या ज्येष्ठांत छातीत पेसमेकर (हृदयाचे ठोके नीट चालवणारे यंत्र) असलेले कोणी ना कोणी भेटतेच. अलीकडे काही घरांत डॉक्टर नवा पर्याय सांगतात: छातीवर चिरा नाही, वायर नाही, जांघेतल्या शिरेतून थेट हृदयात बसणारी कॅप्सूल. 'एवढी नवी गोष्ट आईवर कशाला?' अशी घरच्यांची भीती असते. ती रास्त आहे, म्हणूनच मागचे सांगायला हवे.

शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर १९५८ साली स्वीडनमध्ये शल्यचिकित्सक ऑके सेनिंग यांनी बसवला. रूने एल्मक्विस्ट या अभियंत्याने तो बुटाच्या पॉलिशच्या डबीत राळ ओतून घडवला होता. काही तासांतच तो बंद पडला. रुग्ण अर्ने लार्सन मात्र एकामागून एक वीसहून जास्त यंत्रे बदलत २००१ पर्यंत जगले. त्याच १९५८ साली न्यूयॉर्कला डॉक्टर सेमूर फरमन यांनी शिरेतून वायर हृदयात नेऊन दाखवली. पुढे लिथियम बॅटरी आली आणि यंत्र वर्षानुवर्षे चालू लागले.

दुखणे उरले ते खांद्याखालच्या यंत्रापासून हृदयापर्यंत जाणाऱ्या वायरचे. हृदय दिवसाला सुमारे एक लाख ठोके देते. प्रत्येक ठोक्याला वायर वाकते, कधी तुटते, कधी तिचे आवरण झिजते. खांद्याखाली त्वचेच्या आत यंत्र ठेवलेल्या जागी जंतुसंसर्ग झाला तर तो तिच्यावरून आत पोचतो, आणि शिरेला चिकटलेली जुनी वायर काढणे जोखमीचे असते. म्हणून १९७० मध्येच संशोधक स्पिकलर आणि सहकाऱ्यांनी पूर्ण यंत्र हृदयात मावेल असे करून कुत्र्यांवर तपासले. कल्पना बरोबर होती, पण बॅटरी आणि सर्किट तेवढे लहान व्हायला चार दशके गेली. २०१२ च्या अखेरीस प्रागमध्ये 'नॅनोस्टिम' हा वायर नसलेला पेसमेकर माणसाला बसवला गेला; बॅटरीच्या तक्रारींमुळे २०१६ मध्ये तो थांबवावा लागला. तसाच दुसरा, 'मायक्रा', २०१३ मध्ये ऑस्ट्रियात बसला, आणि २०१६ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली.

मायक्रा जेमतेम २६ मिलिमीटर लांब, वजन दोन ग्रॅमच्या आत. कॅथलॅबमध्ये (शिरेतून हृदयात नळी घालण्याच्या खास खोलीत) सहसा जांघेपुरती भूल देतात, एक्स-रेच्या पडद्यावर पाहत कॅप्सूलची नळी हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यात नेतात. कॅप्सूलच्या टोकाचे चार बारीक आकडे स्नायूत रुततात. मग कॅप्सूलला बांधलेली दोरी हलकेच ओढून पकड पाहतात, विद्युत मोजमाप घेतात आणि समाधान झाले तरच दोरी कापतात. मला या साऱ्यात ही ओढून पाहण्याची पायरी सर्वांत महत्त्वाची वाटते: पकड कच्ची असेल तर कॅप्सूल परत नळीत घेऊन दुसरी जागा शोधता येते.

मर्यादा आहेतच. मायक्रा फक्त खालच्या कप्प्याला चालना देतो. वरच्या कप्प्याची हालचाल ओळखून त्याच्याशी ताल जुळवणारी आवृत्ती २०२० मध्ये आली. दोन्ही कप्प्यांत बसून एकमेकांना संकेत देणाऱ्या 'अवीर' या वायर नसलेल्या दुसऱ्या पेसमेकरच्या जोडीला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. मायक्राची बॅटरी संपली की तो सहसा तसाच ठेवून दुसरा बसवतात. स्क्रूसारखा फिरवून बसवायचा अवीर मात्र पुढे काढता यावा अशाच बेताने घडवला आहे. वय, हृदयाची लय आणि आधीचे संसर्ग पाहून यातले काय योग्य हे ठरते, आणि कित्येक रुग्णांना आजही जुना वायरचा पेसमेकरच योग्य ठरतो.