बोअरचं पाणी, न शिजणारी डाळ आणि पेरूची जेली

बोअरच्या पाण्यात तूरडाळ लवकर शिजत नाही, हे दुष्काळी भागात कुणाला सांगायला नको. दोन शिट्ट्या जादा घेतल्या तरी वरण एकजीव होत नाही. डाळ तळाला, पाणी वर. बोल लागतो डाळीला किंवा दुकानदाराला. खरी गोम आहे पेक्टिनमध्ये.

वनस्पतींच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि पेक्टिन या बहुशर्करा (साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या) असतात. सेल्युलोजचे धागे भिंतीला ताकद देतात. कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोजच. शेजारच्या पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवतं ते मुख्यतः पेक्टिन. शिजताना पेक्टिनच्या साखळ्या तुटून पाण्यात विरघळतात, पेशी सुट्या होतात आणि डाळ घोटली जाते. बोअरच्या जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या, पाण्यातलं कॅल्शियम नेमकं दोन साखळ्यांच्या मध्ये जाऊन बसतं आणि त्यांना जखडून टाकतं. चिमूटभर सोड्याने साखळ्या लवकर तुटतात (ब१ जीवनसत्त्वही जातं, म्हणून चिमूटभरच). आंबटात त्या उशिरा तुटतात, म्हणून आमटीत चिंच-आमसूल डाळ शिजल्यावरच घालावं.

पेठा करणारे कॅल्शियमचा हाच गुण कामाला लावतात. कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या पाण्यात भिजवल्या की पाकात उकळूनही मोडत नाहीत.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी ब्राकोनो यांनी 1825 साली पेक्टिनचं वर्णन केलं. जेली जमते तीही त्याच्यामुळेच. पेरू मात्र पाडाला आलेले हवेत. फार पिकले की त्यांच्यातली विकरं (एन्झाइम) पेक्टिन तोडून टाकतात. साखर पाणी धरून ठेवते, लिंबाचं आम्ल साखळ्यांवरचा विद्युतभार कमी करतं, मग त्या जवळ येऊन जाळं विणतात. त्यासाठी साखर साधारण 60 टक्क्यांच्या वर लागते. ‘गोड कमी करू’ म्हणून हात आखडला की जेली पातळ राहते. कमी साखरेच्या जॅमला कॅल्शियमने घट्ट होणारं निराळं पेक्टिन वापरतात. बाटलीवर 440 हा क्रमांक दिसला तर ते पेक्टिन. बहुधा लिंबू-संत्र्याच्या सालींतून किंवा सफरचंदाच्या चोथ्यातून काढलेलं.

रसात पेक्टिन पुरेसं आहे का याची घरी परीक्षा करायची तर थंड केलेल्या चमचाभर रसात दुप्पट स्पिरिट घालावं. घट्ट गोळा झाला तर साखर मोजायला घ्यावी, विरविरीत तुकडे झाले तर रस आणखी आटवावा. परीक्षेचा रस फेकून द्यायचा, चाखायचा नाही.