तुरटीने पाणी नितळ होतं, निर्जंतुक नाही

गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की ते पिण्यालायक झालं, ही जुनी समजूत अर्धीच खरी आहे. तुरटीमुळे मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि खाली बसतात. हंड्याच्या बुडाशी बोटाला लागतो तो बुळबुळीत गाळ हाच. त्याबरोबर काही जंतूही खाली जातात, पण सगळे नाहीत. कॉलरा, टायफॉइड, कावीळ यांचे जंतू आरशासारख्या नितळ पाण्यातही असू शकतात आणि लहान मुलांच्या ते जिवावर बेततात. म्हणून वरचं पाणी गाळून घ्या, मग खळखळून उकळा, निदान १ मिनिट. किंवा योग्य मात्रेत क्लोरीन टाकून ३० मिनिटं थांबा. हे थांबणंच बहुतेक जण विसरतात. पाण्यात विरघळलेले फ्लोराइड, नायट्रेट यांसारखे क्षार मात्र उकळूनही जात नाहीत. ते आहेत का हे कळायला पाण्याची तपासणीच करून घ्यावी लागते.