जुन्या बुडीत जहाजावर उतरायचंय? अर्ज कुणी, कुठे आणि कधी करायचा

पुण्यातल्या टँकमध्ये स्कूबा शिकायचं, तारकर्लीला जाऊन डायव्हिंगचं कार्ड मिळवायचं आणि मग कोकणातल्या एखाद्या जुन्या गलबताच्या अवशेषांवर उतरण्यासाठी पुरातत्त्व खात्याला अर्ज ठोकायचा, असं बरेच जण करतात. अर्ज परत येतो. कारण साधं असतं. मंडळी डायव्हिंगची परवानगी मागतात आणि खातं परवाना देतं उत्खननाचा.

त्यामुळे आपल्याला हा परवाना लागतो का, हे आधी बघा. प्राचीन वास्तू व पुरातत्त्वीय स्थळांच्या 1958 च्या कायद्यात अवशेष किमान 100 वर्षं जुने असण्याची अट आहे. 'रामदास' बोट रेवसला जाताना 17 जुलै 1947 रोजी बुडाली. आपल्यासाठी तो इतिहासच, पण कायद्याच्या हिशेबात 100 वर्षं भरायला 2047 उजाडेल. म्हणून तिथलं काही उचलायला मोकळीक आहे, असं मात्र समजू नका. बुडालेल्या जहाजातली वस्तू काढलीत तर मर्चंट शिपिंग कायद्याखाली ती रिसीव्हर ऑफ रेक या अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. शिवाय तिथे शेकडो माणसं गेली आहेत, एवढं भान असावं.

पाण्याखाली नुसतं पाहणं वेगळं आणि हाताने वाळू बाजूला सारणं वेगळं; ते उत्खनन झालं. "थोडीच सारली" हे उत्तर कुणी ऐकून घेत नाही. जागा मालवणच्या सागरी अभयारण्यात असेल तर वनखात्याची परवानगी निराळी. तिथे पुरातत्त्वाचं पत्र दाखवून उपयोग नाही.

आता अर्जदार कोण, याबद्दल. याच कायद्याखालच्या 1959 च्या नियमांनुसार भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक तीन गोष्टी तपासतात: अर्जदाराचा दर्जा, उत्खनन संचालकाची पात्रता आणि पुरेशी माणसं आहेत का. क्लबचं लेटरहेड इथेच गळतं. तुमचं अ‍ॅडव्हान्स्ड कार्ड 30 मीटरपर्यंत उतरता येतं एवढंच सांगतं. तोफेची नोंद कशी करायची हे तुम्हाला येतं की नाही, ते त्यावरून कळत नाही. तेव्हा स्वतःच्या नावाने अर्ज करण्याच्या भानगडीत पडू नका. येरवड्याचं डेक्कन कॉलेज पुण्यातच आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने द्वारकेपासून गोव्याजवळच्या सुंची रीफपर्यंत हे काम केलं आहे. अशा संस्थेचा प्रस्ताव असू द्या आणि तुम्ही त्यात डायव्हर म्हणून नाव घाला. मान थोडी खाली घालावी लागते, पण फाईल हलते.

सगळ्यात जास्त घोळ मुदतीचा होतो. काम सुरू करण्याच्या किमान तीन महिने आधी अर्ज महासंचालकांकडे पोचला पाहिजे. अनेकांना वाटतं, खात्याने तीन महिन्यांत उत्तर द्यायचं असतं. ही अट तुमच्यावर आहे हो, त्यांच्यावर नाही! पावसाळ्यात कोकणचा समुद्र बंद असतो, म्हणून लोक गणपती उरकून सप्टेंबरात अर्ज करतात आणि ऑक्टोबरची बोट ठरवून बसतात. पुढे बोटीचा अ‍ॅडव्हान्सही जातो. परवाना हातात आल्यावरही कामाच्या 15 दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं, हे तर कुणाच्याच लक्षात राहत नाही.

जो कागद जवळपास कुणाकडेच नसतो तो म्हणजे जतनाची योजना. समुद्रातून काढलेलं लाकूड आपण वाळवतो तसं वाळवलं की आकसतं, चिरा पडतात. लोखंडी तोफेच्या आत खार मुरलेला असतो. वर आणून नुसती ठेवली तर पापुद्रे सुटायला लागतात. स्वीडनचं 'वासा' हे बुडालेलं जुनं जहाज 1961 मध्ये वर काढलं आणि त्याच्या लाकडावर तब्बल 17 वर्षं रसायन फवारत होते. ही सोय कोण करणार, कुठे करणार आणि खर्च कुणाचा, याचं प्रयोगशाळेचं संमतिपत्र जोडा. ते मिळत नसेल तर प्रस्तावातून 'वस्तू वर काढणे' हे कलमच काढून टाका. फक्त मोजमाप, फोटो आणि नकाशा मागितलात तर अर्ज बराच हलका होतो.

पाण्याखालच्या वारशाबद्दलच्या युनेस्कोच्या 2001 च्या कराराची कलमं हक्क म्हणून अर्जात लिहू नका; भारताने तो करार स्वीकारलेला नाही. मात्र त्याच्या परिशिष्टातले नियम प्रस्ताव लिहायला उत्तम नमुना आहेत. वस्तू शक्यतो जागेवरच राहू द्यावी, हा त्यातला पहिलाच नियम.

बाकी ओळखपत्रं, वैद्यकीय दाखला, डायव्ह लॉग, विमा, बोटीची कागदपत्रं हे नेहमीचंच. बंदर विभाग आणि सागरी पोलिसांना आधी पत्र द्या, नाहीतर भर समुद्रात चौकशीत दिवस जाईल.

परवाना नसताना डाइव्हमध्ये अचानक काही दिसलं तर शेजारी मोजपट्टी धरून फोटो घ्या, वर आल्यावर जीपीएस आणि खोली लिहून ठेवा, आणि पुरातत्त्व खात्याला लेखी कळवून पोच घ्या. ती जागा इन्स्टाग्रामवर टाकू नका. पुढच्या आठवड्यात तिथे कुणीतरी पहार घेऊन उतरतं.