दहाव्या हिश्श्याचा निर्णय: मोबाइल टॉवरच्या लहरींवरील मर्यादेची पार्श्वभूमी

देशात मोबाइल सेवा १९९५ मध्ये सुरू झाली. टॉवरच्या लहरींना मर्यादा घातली गेली ती २००८ मध्ये, आंतरराष्ट्रीय निकष जसाच्या तसा उचलून. मधल्या काळात मराठवाड्यातही गच्च्यांवर आणि शेताच्या बांधांवर टॉवर उभे राहिले. लोडशेडिंगमध्ये धडधडणाऱ्या त्यांच्या डिझेल जनरेटरचा धूर थेट घरात येई. तो आरोग्याला घातक, यात शंका नव्हती. तरी टॉवरविषयीच्या वादात त्याला कधी जागा मिळाली नाही.

वाद पेटला तो पुढे. केंद्राने नेमलेल्या समितीचा अहवाल जानेवारी २०११ मध्ये आला. त्याच वर्षी मे महिन्यात कर्करोगावर संशोधन करणाऱ्या जागतिक संस्थेने या लहरींना ‘कर्करोगाची शक्यता’ असलेल्या गटात टाकले. १ सप्टेंबर २०१२ पासून मर्यादा एकदम दहाव्या हिश्श्यावर आली: ९०० मेगाहर्ट्झच्या लहरींना दर चौरस मीटरला ४.५ वॅटऐवजी ०.४५, १८०० मेगाहर्ट्झच्या लहरींना ९ ऐवजी ०.९.

हा निर्णय नीट समजून घ्यायला हवा. मूळ निकष शरीर तापण्यावर बेतलेला आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत संपूर्ण शरीराच्या सरासरीने दर किलोला सुमारे ४ वॅट ऊर्जा शोषली गेली की वागण्यात बदल दिसू लागत. सर्वसामान्य लोकांसाठी त्याच्या पन्नासपट खालची, ०.०८ वॅटची पातळी धरली गेली आणि तिच्यावरून टॉवरच्या लहरींची दर चौरस मीटरची मर्यादा काढली गेली. भारताने त्याच्याही दहा पट खाली जायचे ठरवले ते नवी इजा सिद्ध झाली म्हणून नव्हे, खबरदारी म्हणून. खबरदारी योग्यच होती. पण तिचे कारण लोकांपर्यंत गेले नाही, आणि सरकारनेच मर्यादा कमी केली म्हणजे आधीची जीवघेणी असणार, असा अर्थ निघाला.

नोव्हेंबर २०१२ मध्ये राजस्थानच्या उच्च न्यायालयाने शाळा-रुग्णालयांवरचे टॉवर काढायला लावले. ऑगस्ट २०१३ पासूनच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना मात्र जागेवरून असे निर्बंध घालू नका म्हणणाऱ्या. पालिका आणि ग्रामपंचायती या दोहोंमध्ये अडकल्या. शिवाय अँटेनाचा झोत समोरच्या दिशेने जातो, थेट खाली फार थोडा येतो. शाळेवरचा टॉवर समोरच्या इमारतीवर नेला तर वर्गात पोचणाऱ्या लहरी वाढूही शकतात.

बालाघाटाच्या रांगेतल्या तांड्यांवर प्रश्न उलटा आहे. रेंज कमी असली की हँडसेट जास्त ताकदीने लहरी सोडतो, तोही कानाला लागून. हँडसेटसाठी किलोला १.६ वॅटची मर्यादाही (ही संपूर्ण शरीरासाठी नव्हे, हँडसेटजवळच्या छोट्या भागापुरती) २०१२ च्याच निर्णयातली. तिची चर्चा जवळजवळ झालीच नाही.

२०१७ मध्ये केंद्राचे पोर्टल आले. टॉवर मर्यादेत आहे का ते तिथे पाहता येते आणि ४,००० रुपये भरून मोजणी मागता येते. कोरडवाहू शेतकऱ्याला ही रक्कम परवडणारी नाही; ग्रामपंचायतीने ती भरावी आणि आलेला आकडा ग्रामसभेत वाचून दाखवावा. २०२४ मध्ये ६३ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध त्यात आढळला नाही. २०११ चे वर्गीकरण मात्र त्या आढाव्याने बदललेले नाही.