व्यसनमुक्ती केंद्रात जाताना आणि तिथून घरी येताना : पुण्यातली पार्श्वभूमी

पुण्यात व्यसनमुक्तीचा विषय निघाला की बोलणं केंद्रातल्या महिना-सव्वा महिन्यावर येऊन थांबतं. किती दिवस ठेवतात, खर्च किती येतो, आत काय शिकवतात, एवढंच विचारलं जातं. जास्त धोक्याचे दिवस त्या मुक्कामाच्या दोन टोकांना असतात. नशा बंद केल्यानंतरचे पहिले चार-पाच दिवस एका टोकाला, आणि घरी परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे दुसऱ्या टोकाला. या दिवसांचा भार आजवर जवळजवळ पूर्णपणे घरच्यांनी उचलला आहे, त्यातही बायको, आई किंवा बहिणीने. असं का झालं आणि २०१८ नंतर त्यात काय हललं, ते इथे मांडतो.

जुना इतिहास थोडक्यात. मुंबई प्रांताचा दारूबंदी कायदा १९४९ चा. त्याच्या नजरेत पिणारा एक तर परवानाधारक होता, नाही तर गुन्हेगार. आजारी माणूस म्हणून त्याची नोंद नव्हती. उपचार म्हणजे मनोरुग्णालय, आणि तिथला कारभार चाले १९१२ च्या कायद्यावर, ज्याच्या नावातच ‘वेडेपणा’ होता. बारा पायऱ्यांवर चालणाऱ्या, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या सभा (अल्कोहोलिक्स अनॉनिमस) देशात १९५७ च्या सुमाराला सुरू झाल्या, हळूहळू पुण्यातही रुजल्या. तिथे जायला माणूस आधी शुद्धीवर असावा लागे. शुद्धीवर आणायचं कुणी, हा प्रश्न घरातच राहिला.

खरा बदल गर्दने, म्हणजे ब्राउन शुगर नावाच्या भेसळीच्या हेरॉइनने घडवला. १९८० नंतरच्या वर्षांत मुंबईमागोमाग पुण्यात ब्राउन शुगर आली. पुडीतली भुकटी चंदेरी कागदावर टाकायची, खालून काडी लावायची आणि नळीने धूर ओढायचा. ओढणाऱ्या मुलाला लोक ‘गर्दुल्ला’ म्हणू लागले. पेठांमधली, वस्त्यांमधली आणि कॉलेजांमधली मुलं यात एकाच वेळी सापडली, आणि आई-वडिलांना कळेपर्यंत घरातली भांडी, घड्याळं गेलेली असत. १९८५ मध्ये अमली पदार्थांचा केंद्रीय कायदा आला. तो कडक शिक्षांसाठी ओळखला जातो, पण सरकारने उपचार केंद्रं काढावीत अशीही तरतूद त्यात आहे. पुढच्याच वर्षी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात एक व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. त्याचं नाव मुक्तांगण. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी ते चालवलं, पु. ल. आणि सुनीता देशपांडे या लाडक्या लेखक-दांपत्याने त्यासाठी पैसे दिले, आणि तिथे पेशंटला ‘मित्र’ म्हणायची रीत पडली. पुढे राज्यभर निघालेल्या अनेक केंद्रांनी आपला साचा तिथून घेतला.

त्याच सुमाराला सरकारी पातळीवर एक फाटा फुटला, त्याचे परिणाम अजून भोगावे लागतात. सामाजिक न्याय खात्याने १९८५-८६ पासून स्वयंसेवी संस्थांना केंद्रं चालवायला अनुदान द्यायला सुरुवात केली. आरोग्य खात्याने १९८८ मध्ये सरकारी रुग्णालयांमध्ये आपला वेगळा कार्यक्रम काढला. एका खात्याकडे समुपदेशक, व्यसनातून बाहेर पडलेले कार्यकर्ते आणि प्रार्थना, दुसऱ्याकडे डॉक्टर, सलाईन आणि गोळ्या. पेशंटला दोन्ही लागतात, आणि मिळतं मात्र जो दरवाजा आधी उघडेल त्यामागे असेल ते.

डॉक्टर कुठे लागतो, हे गर्द आणि दारू यांच्या फरकात दिसतं. गर्द बंद झालं की आठ-बारा तासांत ‘टर्की’ सुरू होते. नाका-डोळ्यांतून पाणी, जांभया, अंगावर काटा, पोटात मुरडा, हाडं मोडल्यासारखं अंग दुखणं, झोप नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती शिगेला जाते आणि आठवडा-दहा दिवसांत ओसरते. बघवत नाही, पण एरवी धडधाकट माणूस त्यात सहसा दगावत नाही. दारूचं उलटं आहे. पहिल्या दिवशी फक्त हात थरथरतात, घाम येतो. बघणाऱ्याला वाटतं, जमलं. मग पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काही जणांना ताप, भास, कुठे आहोत याचं भान सुटणं असा झटका येतो. यात माणूस जातो. म्हणून दारूच्या पेशंटला क्लोरडायझेपॉक्साइडसारखी गोळी मोठ्या डोसने देऊन रोज थोडी कमी करत आणतात (लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम), आणि ग्लुकोज चढवण्याआधी बी-१ चं इंजेक्शन देतात, नाही तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ‘खोलीत कोंडा, चार दिवसांत सुटेल’ हा सल्ला आजही दिला जातो. गर्दच्या बाबतीत तो क्रूर आहे, दारूच्या बाबतीत जीवघेणा.

आता वादाचा भाग. भरतीच्या टेबलाशी तो रोज दिसतो. रात्री नऊला रिक्षातून उतरवून आणलेला माणूस खुर्चीत बसवलेला आहे. बायको बॅग उघडून एकेक वस्तू दाखवतेय: दोन लेंगे, टॉवेल, टूथपेस्ट. आफ्टरशेव्ह, माउथवॉश, खोकल्याचं औषध आणि तंबाखूची पुडी बाजूला काढून तिच्या हातात परत दिली जाते. फॉर्म पुढे सरकतो. थरथरत्या हाताने सही होते आणि ती पॅनकार्डावरच्या सहीशी जुळत नाही. सकाळी तोच माणूस म्हणतो, मी कुठे सही केली, मला घरी जायचंय. रात्रीची सही खरी की सकाळचा नकार?

१९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात याचं उत्तर धूसर होतं. तो लागूच झाला १९९३ मध्ये. दारू आणि ड्रग्जच्या रुग्णांसाठी वेगळी रुग्णालयं काढता येतील असं त्यात होतं, आणि नातेवाइकांच्या अर्जावर ९० दिवसांपर्यंत ठेवून घ्यायची सोय होती. बहुतेक केंद्रं या कायद्याकडे न पाहताच चालली. आम्ही सामाजिक संस्था, रुग्णालय नव्हे, ही त्यांची भूमिका होती. पेशंट तयार नसेल तर काही ठिकाणी गाडी पाठवायची पद्धत रूढ झाली. घरच्यांनी फोन करायचा, गाडी यायची, तीन-चार तगडी पोरं उतरायची आणि माणसाला उचलून न्यायची. कित्येक घरांनी यासाठी त्या केंद्रांचे आभार मानले. आत मारहाण झाली, साखळीने बांधून ठेवलं, अशा तक्रारीही याच पद्धतीच्या पोटी आल्या.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ च्या मध्यापासून लागू झाला आणि त्याने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि ड्रग्जच्या दुरुपयोगाशी जोडलेल्या मानसिक स्थिती घातल्या. आणि अशा माणसांना ठेवून उपचार किंवा पुनर्वसन करणारी प्रत्येक जागा ही मानसिक आरोग्य आस्थापना, तिला नोंदणी हवी, असं ठरवलं. फक्त नातेवाइकांकडे किंवा मित्रांकडे घरी राहणं यातून वगळलं. ‘आम्ही सामाजिक संस्था’ हे म्हणायला जागा उरली नाही.

पेशंटच्या मनाविरुद्ध भरती कायद्याने बंद केली नाही, पण तिला अटी घातल्या. ८९ व्या कलमाप्रमाणे अर्ज नामनिर्देशित प्रतिनिधीने (पेशंटच्या वतीने निर्णयात मदत करणाऱ्या माणसाने) करायचा. त्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत दोन जणांनी पेशंटला वेगवेगळं तपासायचं, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ. माणूस स्वतःला इजा करतोय, दुसऱ्यावर हात उगारतोय किंवा स्वतःची काळजी घेऊ शकत नाही आणि त्याने जीव धोक्यात येतोय, यातलं काहीतरी दिसलं पाहिजे. मुदत ३० दिवस. अशा भरतींवर देखरेख ठेवणाऱ्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला सात दिवसांत कळवायचं, बाई किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. मंडळाकडे पेशंटला दाद मागता येते. निर्णय घ्यायची क्षमता परत आली का, हे दर आठवड्याला बघायचं. साखळीला पूर्ण बंदी. न तपासता गाडीत घालून नेणं यात कुठेच बसत नाही.

विरोध झाला आणि तो सगळा स्वार्थाचा नव्हता. तालुक्याच्या गावात मनोविकारतज्ज्ञ कुठून आणायचा, हा प्रश्न खरा आहे. व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसांनी पदरमोड करून चालवलेली छोटी केंद्रं कागदपत्रांखाली दबतील, ही भीतीही खरी. घरच्यांचं म्हणणं सगळ्यात जड आहे. रोज मार खाणाऱ्या बाईला तुम्ही क्षमता आणि संमती समजावून सांगणार का? माझं मत तरीही कायद्याच्या बाजूने आहे. त्या बाईचा मार हा ८९ व्या कलमातच बसणारा धोका आहे आणि तिच्यासाठी वाट उघडी आहे. बंद झाली ती तपासणीशिवायची वाट. शिवाय दारू तोडणाऱ्याला पहिल्या चार दिवसांत डॉक्टर मिळणं हीच त्या नोंदणीची सर्वांत मोठी कमाई आहे. मुलग्याला वाचवायला पाठवलेल्या घराने फिटमध्ये गेलेला मुलगा परत घ्यावा, याचं समर्थन कुठल्याच अडचणीने होत नाही.

२०२० च्या टाळेबंदीने हे अख्ख्या राज्याला दाखवलं. २५ मार्चपासून दारूची दुकानं बंद झाली आणि रोज पिणाऱ्यांची दारू एका दिवसात, कुठल्याही तयारीविना तुटली. केरळ सरकारने डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू द्यायचा आदेश काढला, डॉक्टरांच्या संघटना भडकल्या आणि उच्च न्यायालयाने एप्रिलच्या सुरुवातीला तो थांबवला. पुण्यात मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दुकानं उघडली तेव्हा लागलेल्या रांगांचे फोटो चेष्टेने फिरले. त्या रांगांत थरथरते हात किती होते, हे बघायला हवं होतं. पुढच्या वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, यवतमाळ जिल्ह्यात वणीला सॅनिटायझर पिऊन माणसं मेली. केंद्रात भरती होताना बॅगेतून अल्कोहोल असलेलं आफ्टरशेव्ह का काढून घेतात, हे त्यावरून समजावं.

बाहेर पडण्याच्या दरवाज्याकडे लक्ष फार उशिरा गेलं. डिस्चार्जच्या दिवशी माणूस ताजातवाना दिसतो, वजन वाढलेलं असतं, घरात गोडधोड होतं. शरीराची सहनशक्ती मात्र महिन्याभरात उतरलेली असते. गर्द ओढणाऱ्याने किंवा टोचणाऱ्याने जुन्याच मापाने एकदा घेतलं तरी श्वास थांबू शकतो. हे निघताना तोंडावर सांगणारी केंद्रं आहेत, पण ‘असं सांगितलं तर पिण्याचा विचार डोक्यात घातल्यासारखं होईल’ म्हणून गप्प बसणारीही आहेत. हे गप्प बसणं चुकीचं आहे. तसंच दारू सोडण्यासाठी देतात त्या डायसल्फिरामचं. ही गोळी चालू असताना दारू पोटात गेली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळू शकतो. पेशंटने समजून घेतली तर ती मदत करते. ‘त्याला नकळत दारू सोडवा’ या जाहिराती वाचून आमटीत काहीबाही कालवणाऱ्या घरांना यातला धोका कुणी सांगत नाही.

पुण्यातल्या जुन्या केंद्रांनी फॉलोअपची पद्धत स्वतःच्या बळावर उभी केली. गावोगावी ठरावीक वारी भेट, बायकांचे वेगळे गट, व्यसनमुक्तीचा वर्षाने साजरा होणारा वाढदिवस. यावर माणसं टिकली. पण ते त्या-त्या संस्थेच्या इच्छेवर होतं. २०१७ च्या कायद्याच्या ९८ व्या कलमाने पहिल्यांदा डिस्चार्जचं नियोजन हे कर्तव्य केलं. माणूस कुणाकडे राहणार, पुढे त्याला कोण तपासणार, कुठली औषधं आणि मदत लागणार, हे त्याच्याशी, प्रतिनिधीशी आणि घरच्यांशी बोलून ठरवायचं. वादात सगळं लक्ष ८९ व्या कलमाने खाल्लं, हे ९८ वं फारसं कुणी वाचलं नाही.

पैशाचाही अडथळा आहे. याच कायद्याचं २१ वं कलम मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्या म्हणतं, तर विमा नियामकाने ठरवून दिलेल्या वगळण्यांच्या यादीत बाराव्या क्रमांकाखाली दारू आणि ड्रग्जचे उपचार आहेत. त्यामुळे केंद्राचं बिल खिशातूनच जातं. २०१९ मध्ये आलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाप्रमाणे दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठला तरी उपचार मिळाला होता, आणि दाखल होऊन उपचार १८० पैकी एकाला.

सध्या पुण्यातली चिंता मेफेड्रोन (एमडी) या उत्तेजक ड्रगची आहे. २०१५ मध्ये ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत त्याचा कारखानाच सापडला. दारूसारखे झटके यात सहसा येत नाहीत. बंद केल्यावर पोरगा दिवसभर झोपतो, खातो, मग खोल उदास होतो आणि जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलू शकतो. ओढ कमी करणारं खात्रीचं औषध नाही. म्हणजे याच्यासाठी भरतीपेक्षा नंतरचे महिने जास्त जड आहेत, आणि आपली व्यवस्था अजून पलंग मोजण्यात गुंतलेली आहे.

डिस्चार्ज घेताना घरच्यांना काही गोष्टी हक्काने मागता येतात: २०१७ च्या कायद्याच्या ९८ व्या कलमाप्रमाणे पुढची योजना, औषधांची नावं आणि कमी करायचं वेळापत्रक, पुढच्या भेटीची तारीख. २५ व्या कलमाप्रमाणे पेशंटला आपल्या उपचाराची कागदपत्रं मिळतात. केंद्राची नोंदणी आहे का, हे भरतीच्या आधीच विचारावं. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे, आणि उदासी किंवा आत्महत्येचं बोलणं निघालं तर १४४१६. फिट आली, ताप चढला किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला तर आधी १०८ ला फोन करून सरळ मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्यावं.